प्रतवारी

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा सौदा होतो, तेव्हा पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर कोणी विसंबत नाही. लोखंडाची टोकदार नळी पोत्याच्या कुशीत खुपसली जाते, मधला आणि तळाचा दाणा तळहातावर घेतला जातो, फुंकर मारून, दाताखाली धरून पाहिला जातो, आणि मगच मालाची प्रत ठरते. तोंडाशी उत्तम आणि पोटात हलका माल भरणाऱ्याचे नाव बाजारात एकदा झाले, की ते सहसा पुसले जात नाही. याच बाजारात ३६ वर्षे गाळा चालविणाऱ्या एका व्यापाऱ्यांच्या मालाबद्दल असा बोल कधी आला नव्हता. त्यांची वानगी आणि त्यांचे पोते यांत फरक नसतो, असे अडत्यांपासून हमालांपर्यंत सारे मानीत. मात्र वयाच्या ५९ व्या वर्षी, स्वतःच्या शरीराची वानगी देण्याची वेळ आली तेव्हा, त्यांनी केवळ तोंडाशी असलेला चांगला दाणा तेवढा पुढे केला.

गादीवरचे आयुष्य हे बसून काढायचे आयुष्य असते. सकाळी गाळा उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हिशेब, फोन, भाव आणि चहा यांत दिवस जातो. पाय फार तर गोदामापर्यंत चालतात. सात वर्षांपूर्वी त्यांना मधुमेहाचे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सुरू झाले, आणि डॉक्टरांनी दरवेळी एकच सूचना केली, 'रोज चाला.' ती सूचना दरवेळी गाळ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबे.

अखेर सुनेने पुढाकार घेतला. लग्नाआधी तिने सह्याद्रीतल्या पुष्कळ वाटा पाहिल्या होत्या. शहरातील एका गिरिभ्रमण मंडळाचे हिवाळी वेळापत्रक तिने घरी आणले आणि जेवणानंतर सर्वांसमोर वाचून दाखविले. प्रत्येक भ्रमंतीपुढे तारीख, ठिकाण, अंतर, एकूण चढ आणि शेवटी श्रेणी लिहिलेली होती : सोपी, मध्यम, कठीण. त्या श्रेणी पाहून व्यापाऱ्यांना कौतुक वाटले. 'म्हणजे इथेही प्रतवारी आहे तर!' ते हसून म्हणाले.

प्रतवारी होतीच, आणि ती नुसत्या उंचीवरून केलेली नव्हती. सुनेने त्यांना समजावून सांगितले. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट सुमारे १५ किलोमीटरची. पण बहुतेक सपाट, बैलगाडीच्या रुंदीची. त्याच राजमाचीला कर्जतकडच्या कोंडिवड्याहून चढावे, तर अंतर कमी आणि चढ दमछाक करणारा. पहिली वाट चिकाटी पाहते, दुसरी छाती पाहते. हरिश्चंद्रगडाचे तर त्याहून स्पष्ट. गड एकच, शिखरेही तीच. पण पाचनईहून जावे तर दीड-दोन तासांत बेताच्या चढाने देवळापाशी पोहोचता येते, खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे जावे तर कातळटप्पा ओलांडून लांबचे पठार तुडवावे लागते, आणि बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने जावे तर दगडधोंड्यांच्या घळीतून, काही ठिकाणी दोराच्या आधाराने, दिवसभर झुंजावे लागते. तिन्ही वाटा शेवटी त्याच कोकणकड्यावर येतात.

डिसेंबरातली खिरेश्वरची भ्रमंती 'मध्यम' श्रेणीत होती. सुनेने आपले नाव तिथे दिले. 'पप्पा, तुम्ही आधी फेब्रुवारीतल्या लोहगडला या. तो सोपा आहे,' ती म्हणाली. घरात सर्वांसमोर 'सोपा' हा शब्द उच्चारला गेला आणि तो त्यांच्या मनाला लागला. त्यांनीही खिरेश्वरचेच नाव दिले.

नाव देताना एक अर्ज भरावा लागे. रोज किती चालता? याआधी कोणत्या डोंगरावर गेला आहात? कोणता आजार आहे? कोणती औषधे चालू आहेत? आहाराबद्दल काही नियम आहेत का? त्यांनी पहिल्या प्रश्नापुढे 'रोज एक तास' असे लिहिले. आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिले. औषधांच्या रकान्यात रेघ ओढली. आहाराचा रकाना कोराच ठेवला. उगाच परक्यांना आपल्या नियमांचा त्रास कशाला, असा विचार त्यामागे होता.

हे खोटे त्यांनी केवळ अहंकाराने लिहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यापाऱ्याच्या घरात आजार लपविण्याला जुने कारण आहे. गादीवरचा माणूस थकला, अशी कुजबुज बाजारात गेली, की उधारीचे दिवस आपोआप आखडतात, देणेकरी हात सैल सोडीत नाहीत आणि घेणेकरी मात्र दार ठोठावू लागतात. प्रकृती हीदेखील पतीचाच एक भाग असते. त्यांच्या वडिलांनी अखेरच्या दुखण्यातही गाळ्यावर येऊन बसण्याचा आग्रह धरला होता, आणि मुलाने तो पाहिला होता. 'नाही' हा शब्द त्यांच्या लेखणीतून सवयीने उतरला. डोंगरावर आपली पत कोणी मोजणार नाही, तिथे त्या रकान्याचे काम निराळे आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले नाही.

भ्रमंतीच्या दिवशी २२ जणांची मंडळी सकाळी साडेसहाला खिरेश्वरहून निघाली. पुढे लीडर, एक पंचविशीची मुलगी. सर्वांत मागे पिछाडी सांभाळणारा तिचा सहायक. निघण्यापूर्वी तिने माणसे मोजली, प्रत्येकाचे पाणी पाहिले आणि सांगितले, 'पुढच्यापेक्षा मागच्याकडे लक्ष ठेवा. मागचा दिसेनासा झाला की थांबा.'

सूर्य उगवायचा होता. नवकारशीचा नियम असल्यामुळे व्यापाऱ्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होताच त्यांनी चढावरच उभे राहून पाणी प्यायले आणि रोजच्या सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. घरी गोळीपाठोपाठ न्याहारी येत असे. इथे ती तोलारखिंडीत करू, असे त्यांनी ठरविले. पण तोवर त्यांची चाल मंदावली होती. वाघाचे शिल्प असलेल्या त्या खिंडीत ते पोहोचले, तेव्हा बाकीच्यांची न्याहारी आटोपत आली होती. आपल्यामुळे लोक खोळंबू नयेत म्हणून त्यांनी अर्धा खाकरा तोंडात टाकला, डबा मिटला आणि 'माझे झाले' म्हणून ते उठले.

खिंडीच्या वर कातळटप्पा आहे. तिथे लोखंडी रेलिंग लावलेले आहे. एका हाताने रेलिंग धरून चढताना तो हात थरथरू लागला. हवा गार असूनही अंगरखा घामाने भिजला. समोरचा दगड एकाचे दोन दिसू लागला. त्यांनी तरीही पाय उचलला. पण मागून सहायकाने त्यांच्या दंडाला धरून कातळाच्या आतल्या बाजूला बसविले आणि शिट्टी वाजविली.

लीडर खाली उतरून आली. तिने त्यांचा चेहरा पाहिला, हात हातात घेतला आणि विचारले, 'काका, शुगर आहे का?'

क्षणभर ते गप्प राहिले. मग त्यांनी मान हलविली.

'गोळी घेतली? कधी? खाल्लंय काय?'

तीन प्रश्नांची तीन खरी उत्तरे मिळताच तिने पाण्यात साखर कालवून त्यांना हळूहळू पाजली. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करीतच राहतात. त्यात चढाचे श्रम वेगाने साखर खर्च करतात. उपाशी पोट, गोळी आणि चढ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. १५ मिनिटांनी त्यांचा हात स्थिर झाला, डोळ्यांसमोरचा दगड पुन्हा एक झाला. मग तिने त्यांना पोटभर खायला लावले. त्यानंतर ते उठून वर जाण्यासाठी वळले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'आता वर नाही, काका. खाली.'

त्यांनी रदबदली केली. 'मी एकटा उतरतो, बेटा. माझ्यासाठी कोणाला अडवू नका.' पण एकट्याला सोडायचे नाही, हा तिथला नियम होता. सहायक आणि सून त्यांच्याबरोबर उतरले. आता १९ माणसांच्या मागे पिछाडी सांभाळायला कोणी उरले नाही. तेव्हा लीडरने पुढचा बेत आखडता घेतला. मंडळी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत गेली, केदारेश्वराची गुहा पाहून परतली. कोकणकडा राहिला.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये कोणी त्यांना बोल लावला नाही. ते न बोलणेच त्यांना अधिक बोचत होते. त्यांच्या पुढच्या आसनावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. सहज चाललेल्या बोलण्यातून त्यांच्या कानावर आले, की बाईंनी या एका भ्रमंतीसाठी वर्षभर पाच सोप्या भ्रमंत्या केल्या होत्या; गुडघ्यांची तयारी करून, डॉक्टरांना विचारून मगच 'मध्यम'चा अर्ज भरला होता. कोकणकडा पाहण्याची त्यांची जुनी इच्छा होती. बाईंनी मागे वळून पाहिले, पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की पुढे केली आणि म्हणाल्या, 'घ्या भाऊ, अजून पुणं लांब आहे.' ती चिक्की घशाखाली उतरविणे त्यांना कठीण गेले. बाहेर अजून उजेड होता, म्हणून नाही म्हणण्याची सोयही नव्हती.

सून खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने ती एवढेच म्हणाली, 'पप्पा, गोळी घेतलीत, खाल्लं नाहीत. मी तिथंच होते. मला तरी सांगायचं होतं.'

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. अंधारात पडल्या पडल्या त्यांनी तो अर्ज पुन्हा आठवला. एखाद्याने आपल्याला असे पोते विकले असते, तर आपण काय म्हणालो असतो, हा प्रश्न त्यांना सोडीना. वानगी पाहूनच त्या मुलीने माणसे निवडली होती, पाण्याचा, वेळेचा, उजेडाचा हिशेब मांडला होता. त्या वानगीत एक दाणा खोटा निघाला आणि २१ जणांचा दिवस उणा झाला. बाजारात नुकसान रुपयांत भरून देता येते. बाईंचा कोकणकडा कोणत्या मापाने भरून द्यायचा?

तिसऱ्या दिवशी ते मंडळाच्या कचेरीत गेले. लीडरसमोर हात जोडून त्यांनी माफी मागितली. तिने त्यांना बसविले, पाणी दिले आणि एक कोरा अर्ज पुढे ठेवला. 'काका, हा भरा. नापास करायला नाही विचारत आम्ही. कोणाच्या पिशवीत काय न्यायचं, ते कळावं म्हणून विचारतो.'

या वेळी त्यांनी रकाने भरायला अर्धा तास घेतला. रोजचे चालणे : नाही. आजार : मधुमेह, सात वर्षे. औषधे : नावे आणि वेळा. आहार : नवकारशीपूर्वी आणि सूर्यास्तानंतर काही घेत नाही; कंदमुळे, कांदा, लसूण वर्ज्य. श्रेणीच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'सोपी' असे लिहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते पर्वती चढू लागले. पायऱ्या १०३. पहिल्या आठवड्यात मध्ये दोनदा बसावे लागे, महिन्याने एकदाही नाही. डॉक्टरांना त्यांनी घडलेले सारे सांगितले. भ्रमंतीच्या दिवशी गोळी केव्हा आणि किती घ्यायची, हे त्यांच्याकडून लिहून घेतले. नियम मोडावा लागला नाही. फक्त गोळी, न्याहारी आणि चढ यांचा क्रम नीट लावावा लागला.

फेब्रुवारीत ते लोहगडाला गेले. भाज्यावरून गायमुख खिंडीपर्यंतची चढण, मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक येणारे दरवाजे, आणि माथ्यावरून विंचूकाट्याची लांब सोंड. 'सोपी' म्हणून ज्या वाटेला त्यांनी नाक मुरडले होते, तिने त्यांना चांगलाच घाम फोडला. विसाव्याच्या वेळी लीडरने सांगितले, की याच मावळात कामशेतजवळ पाले गावी एक लेणे आहे. इसवी सनापूर्वीच्या काळातील मानला जाणारा तिथला शिलालेख अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो, आणि कोणा दात्याने लेणे व पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद त्यात आहे. पुण्याच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ मध्ये तो प्रकाशात आणला. व्यापारी बराच वेळ त्या पोढीचा विचार करीत बसले. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी या वाटांवरून चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या तहानेची आधीच काळजी करून ठेवली होती. डोंगरात चांगुलपणाचे स्वरूप असे साधे असते : पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, हे पुढच्याने मागच्याला खरे सांगावे.

पावसाळ्यानंतर ते लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेले. तोवर त्यांना वाटेचे गणितही आवडू लागले होते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला होता : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे आठ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल, तर २ तास ३६ मिनिटे, विसावा वेगळा. हा हिशेब धडधाकट माणसाचा. व्यापाऱ्यांनी आपल्यासाठी त्याला दीडपट केले आणि वहीत तसे लिहून ठेवले. स्वतःच्या नावापुढे कमी आकडा मांडताना आता त्यांना संकोच वाटत नव्हता. आकडा खरा असला, की बेत फसत नाही, हे तर त्यांना ३६ वर्षांपासून ठाऊक होते.

डिसेंबरात मंडळाने पुन्हा हरिश्चंद्रगड ठेवला, या वेळी पाचनईहून. सुनेने आणि त्यांनी एकाच दिवशी अर्ज भरले. आदल्या दिवशी दुपारी मंडळी पाचनईला पोहोचली. ज्या घरी मुक्काम होता, तिथल्या मावशींनी सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीच एक ताट वाढून ठेवले होते : बाजरीची भाकरी, कांदा-लसूण न घातलेले पिठले, वर तिखटमीठ. 'ताईंनी फोनवर सांगितलं होतं,' मावशी म्हणाल्या. 'त्यात काय अवघड? एक तवली निराळी ठेवली.' गेल्या वर्षी जो नियम सांगणे त्यांना परक्यांवर ओझे टाकण्यासारखे वाटले होते, तो एका निराळ्या तवलीत मावला होता. न सांगितलेल्या अडचणीने मात्र २१ माणसांना माघारी फिरविले होते.

सकाळी नवकारशी, न्याहारी, गोळी असा क्रम पाळून ते निघाले. मंडळीत ती निवृत्त शिक्षिकाही होत्या. त्यांचा गुडघा थंडीत धरला होता आणि तसे त्यांनी अर्जात लिहिले होते. लीडरने त्यांना पिछाडीला, मंद चालीत ठेवले. व्यापाऱ्यांनी स्वतःहून मागची जागा मागितली. कड्याच्या पोटातली वाट, पायऱ्या, ओढा, मग उघडे पठार. बाई थांबत तिथे ते थांबत, पाण्याची बाटली पुढे करीत, आणि पुढचा माणूस दिसतो की नाही, हे पाहत. बोलणे फारसे झाले नाही. एकदा त्यांनी गेल्या वर्षीचा विषय काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, 'कडा काही कुठं गेला नाही, भाऊ.'

कोकणकड्यावर बाकीचे आधीच बसले होते, काठापासून दूर, लीडरने आखून दिलेल्या रेषेच्या अलीकडे. अर्ध्या वर्तुळात आत वळलेला तो प्रचंड कातळ आणि त्याखाली पसरलेले कोकण पाहून बाई बराच वेळ उभ्याच राहिल्या. व्यापारी त्यांच्या मागे दोन पावलांवर थांबले. त्यांनाही कडा पाहायचा होता. पण आधी त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला.

लीडरने सवयीने माणसे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... आकडा पुढे सरकत गेला, बाईंपाशी एकवीस झाला. तिने नजर उचलून शेवटच्या माणसाकडे पाहिले.

'बावीस,' व्यापारी स्वतःच म्हणाले, आणि खाली बसले.